पेपर किती वाजता येतो?

धुळे-सोलापूर महामार्गाने पाचोड मागं टाकून गोदावरीच्या दिशेनं निघालं की शहागडच्या अलीकडं वडीगोद्री लागतं. जिल्हा जालना, तालुका अंबड. अंबडवरून जालन्याला जाणारा रस्ता इथंच महामार्गाला मिळतो. आसपासच्या शिवारात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊस आणि मोसंबी दोन्ही दिसतात. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना जवळच आहे. दोन रस्ते मिळतात तिथं दुकानं होतातच, तशी ती इथंही झाली. चहा-नाश्त्याची हॉटेलं, कटिंगची दुकानं, खतं-बियाण्यांची कृषी सेवा केंद्रं, मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स, पतसंस्थेची शाखा.

अशा चौकात नवं दुकान टाकणारा माणूस शटर उघडण्याआधी दूधवाला ठरवतो, गॅसची सोय लावतो, पाववाल्याशी बोलून ठेवतो. पेपरवाला ठरवायचा मात्र हमखास राहून जातो. तो काय, कुणीही टाकेल, असं वाटतं. मग पहिल्या महिन्यात पेपर कधी सातला येतो, कधी साडेनऊला, कधी शेजारच्या दुकानात पडतो आणि कधी येतच नाही. सकाळी सहाला एसटीची वाट पाहणारी माणसं समोरच्या हॉटेलात जाऊन बसतात, कारण तिथल्या टेबलावर पेपर असतो. दोन्हीकडचा चहा सारखाच असला तरी बसायला कारण एकाच ठिकाणी असतं.

छोट्या धंद्याला पेपर कशाला लागतो, हे शहरातल्या माणसाला चटकन उमगत नाही. घरातला पेपर घरची तीन-चार माणसं वाचतात. हॉटेलातला एकच अंक दिवसभरात किती हातांतून जातो याला हिशेब नाही. पहिलं पान एकाकडे, बाजारभावाचं दुसऱ्याकडे, खेळाचं तिसऱ्याकडे, आणि जिल्ह्याचं पान ज्याच्या हाती लागलं तो ते मोठ्यानं वाचतो. कटिंगच्या दुकानात नंबर लागेपर्यंत माणूस थांबवून ठेवायचं काम पेपरच करतो. कृषी सेवा केंद्रात येणारा शेतकरी मोसंबीचा भाव, पावसाचा अंदाज आणि पीक विम्याची मुदत यांवर बोलतो, आणि ते बोलणं बहुतेक वेळा छापील मजकुरावर बोट ठेवून चालतं. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानाला भरतीच्या जाहिराती लागतात. पतसंस्थेला आणि वकिलाला जाहीर नोटिसा लागतात. थकीत कर्जापोटी बँक मालमत्तेचा ताबा घेते, तेव्हा २००२ च्या नियमांप्रमाणे ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. जमीन विकत घेताना कुणाची हरकत आहे का, हेसुद्धा पेपरातूनच विचारलं जातं. त्या दिवशीचा अंक आला नाही, तर नोटीस गावाला कळलीच नाही असं होतं.

म्हणून धंद्यासाठी पेपर लावताना पहिला प्रश्न कोणता पेपर हा नसावा. तो किती वाजता येतो, हा असावा.

वेळेचा प्रश्न समजून घ्यायचा तर पेपर येतो कसा ते पाहावं लागतं. या भागात येणाऱ्या बहुतेक मोठ्या मराठी दैनिकांचे अंक छत्रपती संभाजीनगरला छापले जातात. लांबच्या तालुक्यांसाठी आधी निघणारी ती डाक आवृत्ती. शहराची आवृत्ती सगळ्यांत शेवटी. छापून, मोजून, गठ्ठे बांधून, प्रत्येक गठ्ठ्यावर गावाची चिठ्ठी लावून गाड्या रात्रीच निघतात. एकेका मार्गाची एकेक गाडी असते आणि ती फाट्याफाट्यावर गठ्ठे टाकत पुढं जाते. गाडीला थांबायला सवड नसते, पुढची गावं वाट पाहत असतात. फाट्यावर माणूस हजर नसेल तर गठ्ठा ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर पडून राहतो, आणि पावसाळा असेल तर भिजतो.

एवढं सगळीकडचंच झालं. वडीगोद्रीचं वेगळेपण त्याच्या जागेत आहे. हे गाव तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर बसलेलं आहे. दक्षिणेला शहागडनंतर गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा, उत्तरेला पाचोड म्हणजे पैठण तालुका आणि संभाजीनगर जिल्हा, आणि गाव स्वतः जालन्याचं. हल्ली प्रत्येक मोठ्या दैनिकाची जिल्ह्यागणिक पानं वेगळी असतात. महामार्गानं थेट बीडकडे जाणाऱ्या गाडीत बीडची पानं असणार, आणि जालन्याची पानं असलेला गठ्ठा जालना-अंबडकडून येणार. जो गठ्ठा आधी पोचतो तो आपल्या जिल्ह्याचा असेलच असं नाही. मुख्य अंक तोच, पहिलं पान तेच, पण आतलं जिल्ह्याचं पान परक्याचं. अंबड बाजार समितीची बातमी हवी असलेल्या शेतकऱ्याच्या हातात बीड जिल्ह्यातल्या गेवराईची पडते. सीमेवरच्या गावात पेपर ठरवताना 'जालन्याची पानं येणार ना?' हे स्पष्ट विचारायला हवं. चांगला विक्रेता हा प्रश्न ऐकून खूश होतो, कारण समोरचं गिऱ्हाईक वाचणारं आहे हे त्याला कळतं. ज्याला प्रश्नच समजत नाही, त्याच्याकडे पेपर लावू नये असं माझं मत आहे.

ही जिल्हा-पानांची सवय फार जुनी नाही. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी अंबड तालुका औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात होता. 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती निघाली जानेवारी १९८२ मध्ये. जिल्हा नवा, स्पर्धा नवी, छपाईचं तंत्र नवं, असं सगळं एका वर्षाच्या अंतरात आलं आणि तालुक्याच्या बातमीला जागा मिळू लागली. २०११ मध्ये 'दिव्य मराठी' औरंगाबादेतूनच सुरू झालं, तेव्हा वर्गणीदार मिळवण्याची चढाओढ खेडोपाडी पोचली. तोवर पुण्या-मुंबईचे अंक शिळे होऊन येण्याची सवय असलेल्या भागाला त्याच दिवशीची, त्याच तालुक्याची बातमी दारात मिळू लागली होती.

त्याच्याही मागं गेलं तर मराठवाड्यात पेपर पोचवणं हे धाडसाचं काम होतं. निजामाच्या राजवटीत आ. कृ. वाघमारे यांनी १९३०च्या दशकात 'मराठवाडा' सुरू केलं. संस्थानात त्यावर बंदी यायची आणि पत्र नाव बदलून पुन्हा निघायचं. पुढं अनंत भालेराव त्याचे संपादक झाले आणि त्या पत्रानं मराठवाड्याला स्वतःचा आवाज दिला. संपादकांची नावं इतिहासात राहिली, हे योग्यच झालं. पण बंदी असलेला अंक संस्थानाच्या हद्दीत आणून वाचकाच्या हातात देणारी माणसं कोण होती, याची नोंद कुणी नीट ठेवलेली नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधल्या माणसाकडं आपलं लक्षच जात नाही. आजही जात नाही.

आता त्या मधल्या माणसाकडे वळू, कारण दुकानदाराचा व्यवहार त्याच्याशीच आहे.

मोठ्या दैनिकाचा गावातला एजंट कार्यालयाकडं अनामत भरतो. रोज किती अंक हवेत ते कळवतो. विकल्या न गेलेल्या अंकांपैकी फारच थोडे परत घेतले जातात, काही दैनिकं एकही घेत नाहीत. उरलेला अंक एजंटच्या अंगावर पडतो. महिनाअखेरीला कार्यालयाचं बिल येतं आणि ते थकलं की गठ्ठा बंद होतो. एजंट स्वतःच पेपर टाकतो किंवा हाताखाली पोरं ठेवतो. एकेका पोराकडं एकेक लाईन, म्हणजे रोजची ठरलेली घरं-दुकानं. छोट्या गावात दोन-तीन दैनिकांची एजन्सी एकाच घरात असते, तर कधी एकेक दैनिक वेगळ्या माणसाकडं.

यातलं पैशाचं गणित दुकानदारानं एकदा तरी मांडून पाहावं. समजा अंकाची किंमत पाच रुपये. महिन्याचे दीडशे. कमिशन तीस टक्के धरलं तर विक्रेत्याच्या वाट्याला एका गिऱ्हाइकामागं महिन्याला पंचेचाळीस रुपये येतात आणि एकशे पाच रुपये तो वर भरतो. शंभर गिऱ्हाइकं असतील तर साडेचार हजार. त्यात पेट्रोल, पोराचा पगार, भिजलेले-फाटलेले अंक. आता यांतल्या चार जणांनी महिना बुडवला, तर त्यांचे चारशे वीस रुपये विक्रेत्याला खिशातून भरावे लागतात. म्हणजे नऊ-दहा प्रामाणिक गिऱ्हाइकांचं कमिशन त्या चौघांपायी गेलं. बुडवणारे बहुधा गरीब नसतात. 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो' म्हणणारा चौकातला चालता धंदा असतो.

हे समजलं की 'भरवशाचा पेपरवाला कसा मिळेल' या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. भरवसा दोन्हीकडून असावा लागतो. दहा तारखेच्या आत न मागता पैसे देणाऱ्या दुकानाचा अंक कधी चुकत नाही, कारण अंक कमी आले त्या दिवशी कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे विक्रेता मनातल्या मनात ठरवत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानदारही टंचाईच्या काळात खताची गोणी जुन्या रोखीच्या गिऱ्हाइकालाच आधी देतो.

तरीही विक्रेत्याची पारख करावीच लागते, आणि ती गप्पांतून होत नाही. गठ्ठा पडतो तिथं पहाटे जाऊन उभं राहिलं की बरंच कळतं. गठ्ठा उतरवायला तो स्वतः असतो की नाही, पुरवण्या मुख्य अंकात घालायला त्याला किती वेळ लागतो, पाऊस असेल तर प्लास्टिक जवळ आहे का, हे सगळं तिथं डोळ्यांनी दिसतं. पुरवणीचं महत्त्व धंद्याला जास्त असतं. शेतीची, नोकरीची, मुलांची अशी वेगवेगळ्या वारांची पानं असतात आणि घाईत ती घालायची राहून जातात. दुकानदार पहिलं पान पाहून अंक आला म्हणतो, आणि दुपारी कुणीतरी शेतीचं पान मागितलं की ते नसतं. मग दुसरी चौकशी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडं करावी, आणि तीही एकाच गोष्टीची: तो आजारी पडला किंवा घरी लग्न निघालं, तर पेपर कोण टाकतो? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, भावाचं, बायकोचं, शेजाऱ्याचं, तर ती लाईन पक्की. 'त्या दिवशी येत नाही' हे उत्तर आलं तर वर्षातून अनेकदा येणार नाही हे धरून चालावं.

एक महिना रोख आणि मग उधारी, अशी सुरुवात दोघांनाही बरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर न आलेल्या दिवसावर फुली मारावी आणि महिन्याच्या बिलातून ते दिवस वजा करून घ्यावेत. विक्रेत्याला हे कॅलेंडर दाखवायला संकोच करू नये. चोख माणसाच्या स्वतःच्या वहीतही त्याच फुल्या असतात. बिल मागून घ्यावं. छापील वृत्तपत्रावर जीएसटी शून्य आहे, तेव्हा त्या नावाखाली कुणी जादा मागत असेल तर देऊ नये. ज्या दुकानाला अंक जपून ठेवावे लागतात, म्हणजे पतसंस्था, वकील, ऑनलाइन अर्जांचं केंद्र, त्यांनी चुकलेला अंक दुसऱ्या दिवशी आणून देण्याची बोली सुरुवातीलाच करावी. विक्रेत्याकडं शिल्लक अंक असतोच असं नाही, पण आधी सांगून ठेवलं तर तो एखादा बाजूला काढतो.

पेपर टाकणारा पोरगा किती वयाचा आहे, हेही पाहावं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं ती सगळ्या धंद्यांना लागू झाली. घरच्या कामात शाळा सांभाळून हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. कॉलेजात जाणारा मुलगा सकाळी दोन तास पेपर टाकून स्वतःचा खर्च काढत असेल तर त्याचं कौतुकच आहे. पण दहा वर्षांचं लेकरू पहाटेच्या धुक्यात महामार्ग ओलांडून अंक आणत असेल, तर तो अंक दुकानदारानं घेऊ नये. उसाच्या हंगामात या रस्त्यावर पहाटे कशा गाड्या धावतात ते वडीगोद्रीच्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण ती न सांगता हा विषय पुरा होणार नाही. ग्रामीण मराठवाड्यात बऱ्याच गावी पेपरचा एजंट आणि वार्ताहर एकच असतो, आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. सकाळी जो अंक टाकतो तोच दुपारी ग्रामपंचायतीत बातमीसाठी बसतो आणि दिवाळीच्या, वर्धापनदिनाच्या किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी दुकानात शुभेच्छा जाहिरात मागायला येतो. यात गैर काही नाही. अंकांच्या कमिशनवर घर चालत नाही म्हणून ही तीन कामं एका खांद्यावर आली आहेत. गावची बातमी जिल्ह्याच्या पानावर पोचते ती याच माणसामुळे. पण दुकानदाराच्या मनात त्यातून एक भीती बसते: जाहिरात नाही दिली तर पेपर वेळेवर येईल का? ही भीती दोघांनाही अपमानकारक आहे. ती टाळायचा रस्ता एकच दिसतो. पेपरचं बिल वेगळं, जाहिरातीचं वेगळं. एकाची वसुली दुसऱ्यात मिसळू नये. जाहिरात द्यायची तर धंद्याला उपयोग आहे म्हणून द्यावी, आणि नाही द्यायची तर हसून नाही म्हणावं, पण पेपरचे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवावेत.

मोबाईलवर सगळंच दिसतं, मग हा खटाटोप कशाला, असं तरुण दुकानदार विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. ई-पेपर असतात, ग्रुपवर पानं फिरतात. पण आपला फोन उघडून कुणी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. आणि या भागाला तर गेल्या काही वर्षांत फोनवर अवलंबून राहण्याचा अनुभव चांगलाच आला आहे.

अंतरवाली सराटी हे गाव वडीगोद्रीपासून जवळ आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी तिथं मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि पुढचे काही दिवस जालना-बीड भागात बंद, रास्ता रोको, एसटी थांबलेली. २६ फेब्रुवारी २०२४ ला तीर्थपुरीत एसटीची बस जाळली गेल्यानंतर अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं. म्हणजे ज्या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर हे गाव आहे, ते तिन्ही एकदम. त्या संचारबंदीच्या आदेशात सूट कुणाला होती? महामार्गावरची वाहतूक, दूधवाटप, दवाखाने आणि प्रसारमाध्यमं. पुढं १३ ते २२ जून २०२४ या काळात लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचं ओबीसी आरक्षणासाठीचं उपोषण खुद्द वडीगोद्रीत झालं. दहा दिवस या गावाचं नाव राज्यभरच्या पहिल्या पानांवर होतं.

अशा दिवसांत छापील अंकाचं मोल कळतं. एका बाजूची आणि दुसऱ्या बाजूची माणसं एकाच चौकातली, एकाच हॉटेलात चहा पिणारी. फोनवर येणाऱ्या चित्रफिती प्रत्येकाला वेगळ्या येतात, आणि ज्याला जे पाठवलं जातं तेच तो खरं धरतो. टेबलावरचा अंक दोघांसमोर एकच असतो. त्यात चुका असतील, कलही असेल, पण दोघांनाही तीच ओळ दाखवून वाद घालता येतो. गावाचा सलोखा एका पेपरानं टिकतो असा माझा दावा नाही. पण तणावाच्या दिवसांत हॉटेलवाल्यानं पेपर बंद करू नये, उलट शक्य असेल तर दोन वेगळ्या मतांचे अंक ठेवावेत, हे मी आग्रहानं सांगेन.

लाईन तुटते कधी, हे त्याआधीही आपण पाहिलं होतं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्य सरकारनं घरोघरी वृत्तपत्र टाकायला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि दोन-तीन दिवसांत सरकारनं मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं वगळून मनाई सैल केली. पण तोवर अनेक घरांनी पेपर तोडला होता, आणि एकदा तोडलेला पेपर सगळ्यांनी पुन्हा लावला नाही. हॉटेलं आणि कटिंगची दुकानं तर महिनोन् महिने बंदच होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. जे गठ्ठे फाट्यावरून आतल्या खेड्यांत एसटीच्या टपावरून किंवा ड्रायव्हरच्या शेजारून जायचे, त्यांना वाहन उरलं नाही. ज्या विक्रेत्यांनी त्या काळात मोटारसायकलवर गठ्ठे बांधून खेडी सांभाळली, त्यांची लाईन आज जिवंत आहे. विक्रेता निवडताना हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे: संपात तुम्ही काय केलं?

पेपर टाकण्याच्या कामाला आपल्याकडं प्रतिष्ठा मिळाली ती एका राष्ट्रपतींमुळे. डॉ. अब्दुल कलाम यांच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रामेश्वरम् स्थानकावर गाडी थांबणं बंद झालं. वृत्तपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम् आणि धनुष्कोडीच्या मधल्या रस्त्यावर चालत्या गाडीतून फेकले जायचे. ते झेलायला त्यांच्या चुलतभावाला, शमसुद्दीनला, मदतनीस हवा होता. ते काम छोट्या कलामांनी केलं आणि ती त्यांची पहिली कमाई ठरली. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रातले विक्रेते वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात. मराठीत तर विक्रेत्यानं थेट दैनिक काढल्याचं उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातून मुंबईला गेलेले मुरलीधर शिंगोटे वृत्तपत्र वाटपाच्या धंद्यात घडले, त्यांनी १९९९ मध्ये 'पुण्य नगरी' सुरू केलं आणि ते खेड्यापाड्यांत पोचवलं. २०२० साली ते गेले. वाचक कोणत्या वेळी, किती पैशांत, काय विकत घेतो हे त्यांना संपादकांच्या खोलीत बसून शिकावं लागलं नाही.

पेपर टाकणाऱ्या माणसांना वर्षात सुट्ट्या अगदी मोजक्या. लक्ष्मीपूजनासारख्या सणाला छापखाना बंद असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी अंक नसतो. तीच त्यांची दिवाळी. ना भविष्य निर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. कल्याणकारी मंडळाची त्यांची मागणी वर्षानुवर्षांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वृत्तपत्र विक्रेत्यांसाठी स्वतंत्र महामंडळ करण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ शहरातल्या स्टॉलवाल्याइतकाच फाट्यावर एकट्यानं गठ्ठा उतरवणाऱ्यालाही मिळायला हवा. त्याची नोंदणी कुठल्या कागदावर होणार, हा खरा प्रश्न आहे. एजंटाचं नाव दैनिकाच्या कार्यालयात असतं. त्याच्या हाताखालच्या पोराचं कुठंच नसतं. निदान एजंटानं स्वतःच्या पोरांची यादी सही-शिक्क्यानिशी ठेवली, तर उद्या काही दाखवता येईल.

रद्दीबद्दल थोडं. हॉटेलवाला जुने अंक भजी-पोहे बांधायला वापरतो. २०१८ च्या वेष्टन नियमांनी अन्न बांधायला वृत्तपत्र वापरण्यास मनाई केली आहे, कारण शाईतले घातक घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात. तेव्हा रद्दी विकून टाकावी आणि बांधायला साधा कागद आणावा. रद्दीचे पैसे पेपरच्या बिलात थोडी भर घालतात, तेवढं पुरे.

दिवाळी अंकही बहुतेक वाचकांच्या हाती याच विक्रेत्यांच्या वाटेनं येतात. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची चाल पाडली, तेव्हापासून हे अंक विक्रेत्याच्या हातूनच गावोगाव फिरत आले आहेत. सणाच्या आधी विक्रेता यादी घेऊन येतो, कुणाला कोणता हवा ते लिहून घेतो आणि पैसे मात्र दिवाळी उलटल्यावर गोळा करतो. कटिंगच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, पतसंस्थेच्या टेबलावर ठेवलेला एखादा दिवाळी अंक संक्रांतीपर्यंत चाळला जातो. वडीगोद्रीच्या चौकात नवं दुकान टाकणाऱ्यानं पेपर लावायची बोलणी दिवाळीआधीच्या दिवसांत करावीत. विक्रेता स्वतःच दारोदार फिरत असतो, त्यामुळे चार दुकानदारांसमोर बोलणं होतं. वाढीव अंक कार्यालयाला आधी कळवावे लागतात, म्हणून ज्या तारखेपासून पेपर हवा त्याच्या आठवडाभर आधी सांगावं. अंक कुठं ठेवायचा ती जागा दाखवावी: शटरच्या फटीतून आत, की शेजारच्या मेडिकलमध्ये, की खिडकीच्या गजात. जालन्याची पानं हवीत हे त्याच्या वहीत लिहायला लावावं. आणि मागच्या दुकानदाराची या जागेवरची काही बाकी राहिली आहे का, तेही विचारून घ्यावं. राहिली असेल तर ती तुमची नाही, पण पेपर तिथंच टाकायचा असल्यामुळे ती त्याच्या मनात असते.